बंद पडलेले यंत्र कोणी चालवावे? सोलापूरची जुनी मिल आणि वर्डप्रेसचा फाटा

२७ ऑगस्ट १९४९. सोलापुरातील ‘जुनी मिल’, म्हणजे १८७७ मध्ये सुरू झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, व्यवस्थापनाने बंद केली. चात्या आणि माग जागच्या जागी होते, ते चालवणारे हजारो हात त्याच शहरात होते. पण मालकांच्या संमतीवाचून ती सुरू करण्याचा अधिकार त्या हातांना नव्हता.

९ जानेवारी १९५० रोजी केंद्र सरकारने वटहुकूम काढून गिरणीचा कारभार आपल्याकडे घेतला. पुढे त्याचाच कायदा झाला. एका भागधारकाने त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले, ते डिसेंबर १९५० मध्ये फेटाळले गेले. द्वारकादास श्रीनिवास या दुसऱ्या भागधारकाची लढाई मात्र यशस्वी झाली. १८ डिसेंबर १९५३ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, भरपाई न देता असा ताबा घेणे म्हणजे मालमत्ता हिरावून घेणेच होय. राज्यघटनेच्या अभ्यासकांना हा खटला आजही वाचावा लागतो.

चालवणारा थांबला तर यंत्र पुढे कोणी चालवायचे, हा त्या खटल्यामागचा साधा प्रश्न. सुमारे ५० वर्षांनी तोच प्रश्न एका अगदी निराळ्या कारागिरीत उभा राहिला आणि तिथे तो न्यायालयाची पायरी न चढता सुटला. त्याची ही हकीकत.

२००१ मध्ये कॉर्सिका बेटावरील मिशेल व्हाल्ड्रिगी या तरुणाने ‘बीटू’ नावाची एक छोटी संगणकप्रणाली लिहिली. तिचे दुसरे नाव ‘कॅफेलॉग’. पीएचपी भाषेत लिहिलेला कोड आणि मजकूर साठवायला मायएसक्यूएल, एवढाच तिचा संसार. ब्लॉग, म्हणजे मराठीत ज्याला काही काळ हौसेने ‘अनुदिनी’ म्हटले गेले, तो चालवण्यासाठी ती पुरेशी होती. २००२ च्या अखेरीस मात्र तिची डागडुजी थांबली. व्हाल्ड्रिगी कुठे आहेत, याचाही वापरकर्त्यांना पत्ता लागेना.

ह्यूस्टनमधील मॅट मुलेनवेग हा १९ वर्षांचा विद्यार्थी बीटूचाच वापरकर्ता होता. २४ जानेवारी २००३ रोजी त्याने आपली अडचण जाहीरपणे मांडली: कर्ता बेपत्ता, काम ठप्प, आणि बाजारातील इतर प्रणालींपैकी एकही मनासारखी नाही. पण बीटूचा परवाना ‘जीपीएल’ असल्याने तिचा कोड जसाच्या तसा घेऊन आपण पुढे नेऊ शकतो, हेही त्याने त्याच लेखात नोंदवले. दुसऱ्याच दिवशी इंग्लंडमधील स्टॉकपोर्टच्या माइक लिटल यांचा निरोप आला: असा फाटा काढणार असाल तर मी मदतीला आहे.

फाटा हा शब्द येथे चपखल बसतो. सोलापूरहून पुण्याकडे निघालेल्या वाटसरूला पंढरपूर गाठायचे असेल, तर तो मोहोळला वळतो. मागचा रस्ता दोन्ही प्रवाशांचा एकच असतो, आणि वळणाऱ्यासाठी तो पुन्हा बांधावा लागत नाही. मुक्तस्रोत प्रणालीचा फाटा असाच असतो: तिथवरचे सगळे श्रम आयते मिळतात.

हे आयते मिळणे कोणाच्या औदार्यावर अवलंबून नव्हते. जीपीएल हा रिचर्ड स्टॉलमन यांच्या चळवळीतून आलेला परवाना. त्याची दुसरी आवृत्ती १९९१ ची. कोड वाचण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा हक्क तो प्रत्येकाला देतो. अट एकच: बदललेली प्रणाली वाटायची झाली, तर पुढच्यालाही तेच हक्क द्यायचे. व्हाल्ड्रिगींनी बीटू या परवान्याखाली प्रसिद्ध केली, तेव्हाच वारसाहक्काचा प्रश्न मिटला होता. जुन्या मिलच्या बाबतीत वटहुकूम, कायदा आणि दोन खटले लागले. अर्थात तुलनेला मर्यादा आहेच. माग एकाला दिला की दुसऱ्याकडे उरत नाही. कोडची नक्कल केली तरी मूळ प्रत शाबूत राहते.

१ एप्रिल २००३ रोजी फाटा फुटला. क्रिस्टीन ट्रेमुले या मैत्रिणीने सुचवलेले ‘वर्डप्रेस’ हे नाव ठरले आणि २७ मे रोजी पहिली आवृत्ती बाहेर पडली. तिचा क्रमांक ०.७०. बीटू ०.६ वर थांबली होती. मोजणी नव्याने सुरू न करता तिथूनच पुढे नेली गेली. आरंभीच्या आवृत्त्यांत कित्येक फायलींच्या नावांत ‘बीटू’ तसेच राहिले होते.

या पहिल्या आवृत्तीत डोळे दिपावेत असे काही नव्हते. लेखकासमोरचा पडदा आवरला गेला, वाचकाकडे जाणारे पान त्या काळच्या वेबमानकांत बसवले गेले, सरळ अवतरणचिन्हे आपोआप छापील पुस्तकासारखी वळणदार होऊ लागली. जानेवारी २००४ मधील १.० आवृत्तीत प्रणाली बसवण्याची पद्धतही अतिशय सोपी झाली. पुढे ‘पाच मिनिटांत बसणारी’ ही तिची ख्यातीच झाली. ज्याला कोडचे ओ की ठो कळत नाही, अशा लेखकासाठी ही पाच मिनिटे इतर सगळ्या करामतींहून मोलाची होती.

फाट्यांचे एक दुखणेही असते. जो तो वळू लागला, तर मूळ रस्ता ओस पडतो आणि एकही फाटा पक्का होत नाही. बीटूचे तसे होऊ शकले असते. फ्रान्स्वा प्लांक यांची ‘बीटूइव्होल्यूशन’ वेगळी निघाली आणि वेगळीच राहिली. आयर्लंडच्या डोनखा ओ’कीव्ह यांची ‘बीटू++’ मात्र वर्डप्रेसच्या प्रवाहात आली. एकाच ठिकाणाहून अनेक ब्लॉग चालवण्याची सोय तिच्यातून वाढली. स्वतः व्हाल्ड्रिगी परतले, तेव्हा त्यांनी वर्डप्रेस हीच बीटूची अधिकृत वारस असल्याचे मान्य केले. आपल्या गैरहजेरीत दुसऱ्यांनी घर ताब्यात घेतले, अशी तक्रार त्यांना करता आली असती. ते त्यांच्याच कामात सामील झाले.

मे २००४ मध्ये ‘मूव्हेबल टाइप’ या तेव्हाच्या मातब्बर प्रणालीने परवान्याच्या अटी आणि किमती बदलल्या. अनेक नाराज लेखक वर्डप्रेसकडे वळले. आज जगातील ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे तिच्यावर चालतात.

इतिहासाच्या वाचकांनी लक्षात ठेवावी अशी तारीख आणखी पुढची आहे: २३ एप्रिल २०१५, आवृत्ती ४.२. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि मायएसक्यूएलच्या जुन्या कप्प्यात तीनच बाइट मावत. देवनागरी जेमतेम बसली. जून २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आलेल्या मोडी लिपीच्या चिन्हांना मात्र चार बाइट लागतात. जुन्या कप्प्यात मोडी अक्षर जपून ठेवणे शक्यच नव्हते. ४.२ ने चार बाइटांचे कप्पे आणले. निमित्त इमोजींचे होते, त्यांनाही सहसा चारच लागतात. हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांच्या मागोमाग पेशव्यांच्या दप्तराची लिपीही आत आली.

प्रणाली अशी वाढत गेली, तसा तिचा आटोपशीरपणाही ओसरला. ६ डिसेंबर २०१८ रोजी आलेल्या ५.० आवृत्तीने लिहिण्याचा पडदाच बदलला: मजकूर आता तुकड्यातुकड्यांच्या ‘ब्लॉक’ पद्धतीने रचायचा होता. अनेकांना हा बदल आवडला. ज्यांना केवळ लिहायचे होते, त्यांतील काहींना तो जड वाटला. ही चाहूल आधीच लागल्याने स्कॉट बोलर यांनी त्याच वर्षी वर्डप्रेस ४.९ पासून ‘क्लासिकप्रेस’ नावाचा फाटा काढला. २००३ मध्ये जो हक्क मुलेनवेग आणि लिटल यांनी वापरला, तोच आता त्यांच्या प्रणालीवर वापरला गेला. तो नाकारण्याची सोय परवान्यात नव्हती.

क्लासिकप्रेसला मोडीची सोय वारशातच मिळाली. पुढे मागे पडू नये म्हणून तिने वर्डप्रेस ६.२ पासून पुन्हा नव्याने फाटा काढला आणि ब्लॉकची यंत्रणा वगळली. तिच्यातील असंख्य फायलींची नावे अजूनही ‘डब्ल्यूपी’नेच सुरू होतात.