मोडलेली मोटार : दुरुस्ती कीं नवी बांधणी ?

मोडलेली वस्तु सांधावी कीं नवी करावी, हा प्रश्न प्रत्येक घरांत पडतो. अमेरिकेंतील 'ड्रॅग रेस'च्या इतिहासांत त्याचें एक मननीय उत्तर सांपडतें.

सरळ वाटेवर दोन मोटारी एकदम सुटतात; जी आधीं पोंचेल ती जिंकते. पूर्वीं या अतिवेगवान मोटारींत चालक एंजिनाच्या मागें बसे आणि गिअरची पेटी त्याच्या पायांपाशीं असे. ता. ८ मार्च १९७० रोजीं कॅलिफोर्नियांत डॉन गार्लिट्स यांच्या मोटारीची ती पेटी सुटतांच फुटली. मोटारीचे दोन तुकडे झाले व त्यांच्या उजव्या पावलाचा कांहीं भाग तुटला.

तशीच मोटार पुन्हा धांवती करणें अशक्य नव्हतें. पण धोकाहि तसाच राहिला असता. म्हणून गार्लिट्स यांनीं एंजिन चालकाच्या मागें असलेली नवी मोटार बांधली. असे प्रयत्न आधींहि झाले होते. परंतु त्या मोटारी वेगांत भरकटत. स्टिअरिंगचें चाक किंचित् फिरतांच पुढचीं चाकें फार वळत. तें प्रमाण घटवितांच मोटार सरळ धांवूं लागली. १९७१ सालीं पोमोना येथील मोठी शर्यत तिनें जिंकली आणि थोड्याच वर्षांत जुनी रचना वरच्या वर्गांतून नाहींशी झाली.

तात्पर्य, किती मोडलें याच्या आधीं कां मोडलें हें पाहावें. दोष एखाद्या भागांत असेल तर दुरुस्ती शहाणपणाची. मांडणींतच असेल तर ती पुढील अपघाताची तयारी होय.