तळटीप : 'कोल्टचे नेव्ही रिव्हॉल्व्हर'
१. मूळ संहितेत उल्लेखिलेले हे शस्त्र सॅम्युएल कोल्टच्या कारखान्यातील १८५१ सालचे अस्सल रिव्हॉल्व्हर नसून, उत्तर इटलीतील गार्दोने व्हाल त्रोंपिया या पिढीजात बंदूककारांच्या गावी घडविलेली त्याची प्रतिकृती होय. अमेरिकेच्या १९६८ च्या केंद्रीय कायद्याने अशा ठासणीच्या प्रतिकृती 'पुरातन' या सदरात घातल्यामुळे परवानाधारक विक्रेत्याच्या मध्यस्थीवाचून त्या खरेदी करता येतात. काही राज्यांचे कायदे मात्र अधिक कडक आहेत. बार भरताना चक्राच्या प्रत्येक कोठीत काळी दारू मापून ओतावयाची, तीवर कोठीहून किंचित मोठी शिशाची गोळी दांडीने अशी दाबावयाची की शिशाचे बारीक कडे कातरले जाऊन बाहेर पडावे, वर चरबी लिंपावयाची आणि मगच मागे तांब्याच्या टोप्या बसवावयाच्या. ते कडे निघाले नाही तर गोळी सैल समजावी. अशा हयगयीने ठिणगी शेजारच्या कोठीत शिरून अनेक बार एकदम उडण्याचे भय असते, आणि लेखकाने या बाबीस दिलेला विस्तार आम्हांस सर्वथैव योग्य वाटतो. नेमबाजीनंतरच्या साफसफाईविषयी तो मौन पाळतो, म्हणून येथे नमूद करणे अवश्य आहे की काळ्या दारूची काजळी हवेतील ओल शोषून लोखंड खाते, यास्तव नळी व चक्र त्याच दिवशी गरम पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडे करून तेल लावावे लागते.—संपादक