आईचे दूध : पहिल्या आठवड्याची कसोटी

प्रसूतीनंतरच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या रात्री प्रसूतिगृहांतून एक वाक्य हमखास ऐकू येते : 'हिला अजून दूधच आलेले नाही.' बाळ रडत असते, बाळंतीण थकलेली असते, सोबतीला आलेली आजी धास्तावलेली असते. पहाट होण्याच्या आत कोणीतरी औषधाच्या दुकानातून पावडरचा डबा आणि बाटली घेऊन येते. स्तनपान फसते ते बहुधा याच टप्प्यावर. मातेच्या शरीरात काही उणे असते म्हणून नव्हे, तर दूध कधी, किती आणि कशामुळे येते हे तिला वेळेवर कोणी समजावून सांगितलेले नसते म्हणून.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतील (२०१९-२१) दोन आकडे या संदर्भात शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. देशातील ८८.६ टक्के प्रसूती रुग्णालये व आरोग्य केंद्रांत झाल्या होत्या. मात्र जन्मानंतर तासाभरात आईचे दूध मिळालेल्या मुलांचे प्रमाण अवघे ४१.८ टक्के होते. म्हणजे डॉक्टर आणि परिचारिका हाताशी असतानाही निम्म्याहून अधिक बाळांचा तो पहिला तास निसटून गेला. जन्मल्यानंतर बाळ काही काळ चांगलेच जागे व तरतरीत असते. त्याला पुसून, आईच्या उघड्या छातीवर ठेवून, वरून पांघरूण घातले तर ते आपणहून स्तनाकडे सरकू लागते. वजन करणे, कपडे घालणे, नातेवाइकांना दाखवणे ही कामे तासभर थांबू शकतात.

चीक : थोडा, पण पुरेसा

पहिले दोन-तीन दिवस येणारे घट्ट, पिवळसर दूध म्हणजे चीक. गाई-म्हशीच्या चिकाचा खरवस मिळावा म्हणून गवळ्याला आधीपासून सांगून ठेवणाऱ्या घरांतही आईचा चीक मात्र 'बाळाला पचत नाही' म्हणून पिळून टाकला जात असे, आणि काही ठिकाणी तो आजही टाकला जातो. वास्तविक रोगप्रतिकारक द्रव्यांनी तो इतका समृद्ध असतो की बाळाची पहिली लस असे त्याचे वर्णन केले जाते. बाळाची पहिली काळी, चिकट शी बाहेर पडण्यासही त्याची मदत होते.

चिकाचे प्रमाण थोडे असते, आणि तेच घरच्यांच्या भीतीचे मूळ आहे. पहिल्या चोवीस तासांत बाळ एका वेळी साधारण २ ते १० मिलिलिटर, म्हणजे एक-दोन लहान चमचे एवढेच दूध घेते. चौथ्या दिवसापर्यंत हे प्रमाण ३० ते ६० मिलिलिटरपर्यंत वाढते. बाटलीतील ५० मिलिलिटर दूध पहिल्याच दिवशी पिऊन बाळ शांत झोपले, म्हणजे आईचे दूध कमी होते हे सिद्ध झाले, हा निष्कर्ष म्हणूनच चुकीचा ठरतो.

वार पडल्यानंतर मातेच्या शरीरातील प्रोजेस्टेरॉनची पातळी झपाट्याने उतरते आणि दूध भरून येण्यास सुरुवात होते. त्याला साधारण दोन ते चार दिवस लागतात. सिझेरियननंतर किंवा पहिल्या खेपेस थोडे अधिकही लागू शकतात. पुढची निर्मिती मात्र मागणीवर चालते. बाळ ओढते तेव्हा प्रोलॅक्टिन हे संप्रेरक स्रवते व दूध तयार होते. ऑक्सिटोसिन स्रवते व ते बाहेर येते. आपल्याकडे ज्याला पान्हा फुटणे म्हणतात ती हीच क्रिया. भीती, वेदना आणि टोमणे यांनी पान्हा अडतो, तर बाळाच्या स्पर्शाने, कित्येकदा नुसत्या त्याच्या आवाजानेही तो सुटतो. स्तन जितका रिकामा होईल तितके नवे दूध लवकर बनते. वरचे दूध देऊ लागताच बाळ कमी ओढते, म्हणून दूध कमी बनते, म्हणून पुन्हा वरचे दूध वाढवावे लागते. काही दिवसांतच मूळची भीती खरी ठरते.

यासाठी घड्याळ बाजूला ठेवून बाळ मागेल तेव्हा, चोवीस तासांत ८ ते १२ वेळा अंगावर घ्यावे. प्रोलॅक्टिनची पातळी रात्री अधिक असते. त्यामुळे आईला विश्रांती मिळावी म्हणून रात्रीचे पाजणे बंद करण्याचा सल्ला, कितीही मायेचा असला, तरी नुकसान करणारा आहे. तिला विश्रांती हवीच. ती दिवसा, बाकीची सर्व कामे इतरांनी उचलून द्यावी. संध्याकाळी व रात्री बाळ कधी कधी तासातासाला मागते. ती उपासमारीची खूण असतेच असे नाही.

पकड जमली की निम्मे काम झाले

स्तनाग्रांना चिरा पडणे, पाजताना डोळ्यांत पाणी येणे, तासभर ओढूनही बाळ असमाधानी राहणे या तक्रारींच्या मुळाशी बहुतांशी एकच कारण असते : बाळाने फक्त स्तनाग्र तोंडात धरलेले असते. दूध निघण्यासाठी त्याने भोवतालच्या काळसर वर्तुळाचाही बराचसा भाग तोंडात घेतला पाहिजे. बाळाचे कान, खांदा व कंबर एका रेषेत असावेत, पोट आईच्या पोटाला टेकलेले असावे. आईने बाळावर वाकू नये, बाळाला आपल्याकडे आणावे. पाठीला आणि कोपराखाली उशी घ्यावी. बाळाने जांभईसारखे तोंड उघडले की त्याला जवळ घ्यावे. पकड योग्य असेल तर हनुवटी स्तनाला टेकते, खालचा ओठ बाहेर वळतो आणि अधूनमधून गिळल्याचा आवाज ऐकू येतो. पहिल्या काही क्षणांनंतरही दुखत राहिले तर तोंडाच्या कोपऱ्यात स्वच्छ करंगळी घालून बाळाला सोडवावे व पुन्हा लावावे. सिझेरियन झालेल्या मातेला कुशीवर झोपून, किंवा बाळाला बगलेखाली धरून पाजता येते. टाक्यांवर भार येत नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी, म्हणजे नेमके घरी सोडण्याच्या सुमारास, छाती दाटून दगडासारखी होऊ शकते. बाळाला मग पकड घेताच येत नाही. अशा वेळी हाताने थोडे दूध पिळून काढून भोवतालचा भाग मऊ करावा व लगेच पाजावे; पाजून झाल्यावर थंड पट्ट्यांनी आराम पडतो. स्तनाचा एखादा भाग लाल होऊन दुखू लागला व ताप आला तर डॉक्टरांना दाखवावे. अशा स्थितीतही पाजणे सहसा थांबवावे लागत नाही.

दूध पुरते आहे हे कसे ओळखावे?

रडण्यावरून नव्हे, दुपट्यांवरून. पहिल्या दिवशी एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा अशी शू वाढत जाते आणि पाचव्या दिवसापासून दिवसाला सहा किंवा अधिक वेळा होते. शीचा रंग काळ्यावरून हिरवटाकडे व मग मोहरीसारख्या पिवळ्याकडे वळतो. पहिल्या दिवसांत बाळाचे वजन सात टक्क्यांपर्यंत उतरणे सामान्य आहे. ते दहा टक्क्यांच्या घरात गेले, किंवा दोन आठवड्यांत जन्मवजन भरून निघाले नाही, तर तपासणी आवश्यक ठरते. बाळ पाजण्यासाठीही जागे होत नसेल, शू फार कमी होत असेल, अंग पिवळे पडत असेल, तर 'होईल बरे' म्हणून थांबू नये.

काही मातांना खरोखरच दूध कमी येते. थायरॉइडचे विकार, स्तनावरील शस्त्रक्रिया, प्रसूतीच्या वेळचा अतिरक्तस्राव अशी त्याची कारणे असू शकतात. कमी वजनाच्या किंवा मधुमेही मातेच्या बाळाला वैद्यकीय कारणाने वरचे दूध लागू शकते. त्यात मातेचा दोष नसतो व तिला अपराधी वाटायला लावणाऱ्या उपदेशाने दूधही वाढत नाही. फक्त हा निर्णय डॉक्टरांचा असावा, शेजाऱ्यांचा नव्हे. आणि ते दूध बाटलीऐवजी वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्यावे.

जन्मघुटी, मध, साखरेचे पाणी यांची नवजात बाळाला गरज नाही. मधातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होण्याचा धोका असल्याने तो वर्षभर टाळावा. आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते. त्यामुळे विदर्भातील मे महिन्यातही सहा महिन्यांखालील बाळाला वरून पाणी द्यावे लागत नाही. अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू बाळंतिणीने अवश्य खावेत, कारण तिला रोज सुमारे ६०० कॅलरींची भर हवी असते. पण लाडू वाढवून आणि पाजणे कमी करून दूध वाढत नाही. बाळंतिणीचे पाणी तोडण्याची रीत तर सोडूनच द्यावी.

पावडरच्या डब्याबाबत कायदाही आहे. १९९२ च्या आणि २००३ मध्ये अधिक कडक केलेल्या कायद्याने मातृदुग्धाच्या पर्यायांची व दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करण्यास आणि मोफत नमुने वाटण्यास मनाई आहे. प्रसूतिगृहात असा नमुना हाती पडला तर तो भेट नसून कायदाभंग असतो. नोकरदार मातांसाठी पगारी रजा २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांपुरती २६ आठवड्यांची झाली. कामावर परतल्यावर पिळून काढलेले दूध झाकलेल्या स्वच्छ भांड्यात फार उकाडा नसलेल्या खोलीत चार तास, तर फ्रिजमध्ये चोवीस तास सुरक्षित राहते. ते गॅसवर तापवू नये. भांडे कोमट पाण्यात ठेवून दूध कोमट करावे.

ज्यांचे बाळ अतिदक्षता विभागात आहे त्यांच्यासाठी मुंबईने फार पूर्वी एक वाट घालून दिली आहे. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी सुरू झाली. ती आशियातील पहिली मानली जाते. तेथे मातांनी दिलेले जादा दूध निर्जंतुक करून अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दिले जाते. पुढे राज्यात व देशात इतरत्रही अशा पेढ्या उभ्या राहिल्या. आपल्या प्रसूतिगृहाजवळ अशी पेढी आहे का, आणि पाजण्यास शिकवणारी परिचारिका रात्रपाळीलाही असते का, हे दोन प्रश्न नाव नोंदवतानाच विचारून ठेवावेत.