फरशीवरचे तेल

करडईचे तेल अंगणातल्या शहाबादी फरशीवर सांडले, की घरातली जुनी माणसे म्हणत, ‘आत्ताच्या आत्ता राख टाका, उद्यावर ठेवू नका.’ या घाईमागे मोठा इतिहास आहे.

शहाबाद आज कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यात आहे. १९४८ पर्यंत ते आणि आपली परभणी, दोन्ही निजामाच्या राज्यात होती. तिथली फरशी म्हणजे चुनखडीचा दगड. आणि करडई हे तर आपल्या काळ्या रानातले, जमिनीतल्या ओलीवर येणारे रब्बीचे पीक. १९७२ साली स्थापन झालेल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने तिचे ‘परभणी कुसुम’ हे वाण दिले.

या तेलाचा एक गुण असा, की हवा लागली की ते हळूहळू सुकून घट्ट होते. पूर्वी उत्तर हिंदुस्थानात रानकरडईचे तेल तासन्‌तास उकळून ‘रोगन’ करीत आणि त्याने कापडावर नक्षी काढीत. म्हणजे फरशीवर राहिलेल्या तेलाचे काही दिवसांत जणू व्हार्निशच होते. म्हणून ती घाई!

राख दोन कामे करते. ती तेल शोषून घेते आणि तिच्यातला क्षार तेलाचा थोडा साबण बनवतो. मुलतानी मातीचे कामही शोषण्याचेच. कापडाचा तेलकटपणा काढणाऱ्या अशा मातींची माहिती पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवली आहे. फ्रान्समध्ये लब्लांने १७९१ साली मिठापासून सोडा बनवण्याच्या कृतीचे पेटंट घेतले, आणि राखेतल्यासारखाच क्षार पुढे कारखान्यातून पुडीत आला. धुण्याचा सोडा तो हाच.

आता मात्र डाग दिसला, की बाजारातले ॲसिड ओतले जाते. चुनखडीवर आम्ल पडले, की फेस येतो आणि लोकांना वाटते, डाग निघाला. प्रत्यक्षात दगडच विरघळत असतो. फरशी खरबरीत होते आणि पुढचे तेल आणखी खोल मुरते. मारुतीच्या पारावर दर शनिवारी तेल सांडते. तिथे असा उपाय केला, तर आजोबा-पणजोबांच्या वेळची फरशी आपल्याच हातांनी झिजेल.

तेव्हा तेल ताजे असतानाच राख किंवा मुलतानी माती पसरावी, ती झाडून घ्यावी आणि मग सोड्याच्या कोमट पाण्याने घासावे. डाग जुना असेल, तर ओल्या मातीचा लेप रात्रभर ठेवावा. तरीही थोडी खूण उरली, तर ती खुशाल राहू द्यावी.