परमिट रूम : नावाचा व दराचा इतिहास

मनमाडसारख्या रेल्वे जंक्शनच्या गावात 'परमिट रूम' ही पाटी सर्वपरिचित आहे. तिच्या नावातील इतिहास मात्र सहसा ध्यानी येत नाही. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मद्यपानास परवाना अनिवार्य केला. मुंबईत त्या काळी चोरट्या गुत्त्यांचे, 'आंटीच्या अड्ड्यांचे' पेव फुटले. पुढे बंदी शिथिल झाली आणि गुत्त्याची जागा परवानाधारक बारने घेतली; पिणाऱ्यावरील परवान्याची अट तेवढी राहिली. एका दिवसाच्या परवान्यास विदेशी मद्यासाठी पाच रुपये, देशीसाठी दोन. तो किती जण काढतात, हे न विचारलेलेच बरे! दराचे तसे नाही. जून २०२५ मध्ये शासनाने विदेशी मद्याच्या १८० मिलीची किमान किंमत २०५ रुपये, तर देशीची ८० रुपये ठरविली. हमालासारख्या रोजंदारीच्या ग्राहकाने कोणत्या दारी जावे, हे या १२५ रुपयांच्या अंतरानेच ठरते.