सदाशिव साठे : पाहिलेला माणूस आणि न पाहिलेला माणूस

चरित्रकाराजवळ साधने असतात; ऐतिहासिक कादंबरीकाराला साधने संपतात तिथून पुढे जावे लागते. या भेदाचा विचार करताना आम्हांला कल्याणचे शिल्पकार सदाशिव ऊर्फ भाऊ साठे (१९२६–२०२१) आठवतात. पुतळ्यांच्या क्षेत्रात या दोन्ही वाटा त्यांना चालाव्या लागल्या.

कल्याणात मातीच्या गणेशमूर्तींच्या सहवासात त्यांचा हात वळला, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्याला पाश्चात्त्य वास्तववादाची शिस्त लागली. मूर्तिकाराला रूप परंपरेकडून मिळते, व्यक्तिशिल्पकाराला ते समोरच्या माणसात शोधावे लागते. लॉर्ड माउंटबॅटन यांच्यासारख्यांना प्रत्यक्ष पाहून केलेल्या कामांत हा शोध तुलनेने सोपा होता. पन्नाशीच्या दशकात दिल्लीसाठी गांधीजींचा पुतळा करताना मात्र माणूस हयात नव्हता. छायाचित्रे विपुल होती, आणि गांधीजींना डोळ्यांनी पाहिलेला प्रेक्षकही. साम्य चुकले तर कोणीही सांगू शकला असता.

खरी कसोटी पुढे लागली. गेटवे ऑफ इंडिया पंचम जॉर्ज यांच्या १९११ मधील आगमनाचे स्मारक. त्याच परिसरात २६ जानेवारी १९६१ रोजी साठ्यांच्या अश्वारूढ शिवाजीमहाराजांचे अनावरण झाले. इथे छायाचित्र नव्हते. मोजकी जुनी चित्रे होती. विनायकराव करमरकरांचा पुण्यातील १९२८ चा अश्वारूढ पुतळा हा थोर पूर्वादर्शही होता. शिवाय प्रत्येक मराठी माणसाच्या मनात स्वतःचा एक शिवाजी होता. १६५७ साली महाराजांनी जिंकलेल्या कल्याणात वाढलेल्या शिल्पकाराच्या मनात तो नसता तरच नवल.

आमच्या मते अशा वेळी मुद्रेची उणीव देहाला भरून काढावी लागते. खांद्यांचा ताण, बैठक, घोडा आणि स्वार यांच्यातील तोल ही शरीरशास्त्राने पडताळता येणारी सत्ये आहेत. त्यांच्या बळावर कल्पिलेला चेहरा विश्वसनीय होतो. पण यातच जोखीमही आहे. वास्तववादी शैली कल्पनेला पुराव्याचे वजन देते, आणि पुढच्या पिढ्या त्या चेहऱ्यालाच इतिहास मानतात. कादंबरीतल्या संवादांचेही असेच होते, हे आपण जाणतो.

डोंबिवलीतील साठ्यांच्या शिल्पालयात पाहिलेली आणि न पाहिलेली माणसे शेजारीशेजारी उभी आहेत. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी तिथे जावे आणि कोणता चेहरा साधनांतून आला, कोणता श्रद्धेतून, हे स्वतःला विचारावे.