वजनावरचा सारा

१९८१ साली जालना जिल्हा निर्माण झाला तेव्हा परभणीच्या दफ्तरातून निघून नव्या जिल्ह्यात वर्ग झालेला परतूर तालुका दुधनेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीवर वसला आहे. त्या काळ्या मातीखाली बेसाल्टचा जो कातळ आहे तोच पश्चिमेस, जवळजवळ याच अक्षांशावर, पावणेचारशे किलोमीटरांच्या अंतराने तारापूरच्या किनाऱ्यावर उघडा पडतो, आणि भारताच्या पहिल्या अणुविद्युत् केंद्राचा पाया त्याच कातळावर घातला गेला. हा कातळ अचल आहे, याविषयी भूशास्त्राचे पंडित आणि मराठवाड्याचे गवंडी यांचे दीर्घकाळ पूर्ण एकमत होते. त्या भरवशावर गवंड्याने मातीत दगड बसवून दोन-अडीच हात जाडीच्या भिंती उभारल्या, त्यांवर लाकूड टाकून मातीचे माळवद घातले, आणि दरसाल पावसाळ्यापूर्वी त्यावर मातीचा नवा थर चढत गेला. वैशाखातले ऊन त्या मातीतून खाली उतरत नसे, हा त्या घराचा मोठाच गुण होता. वजन हा दोष ठरेल असे कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते.

तारापूरविषयी भारत व अमेरिका यांच्यात १९६३ च्या ऑगस्टात करार झाला, पुढील वर्षी इंटरनॅशनल जनरल इलेक्ट्रिक कंपनीस मक्ता मिळाला आणि काम सुरू झाले. ते अर्धवट असतानाच ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला आणि सुमारे १८० माणसे मृत्यू पावली. १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणाची आखणी करताना, स्वतःच्या वजनाच्या शेकडा पाच इतका आडवा जोर त्यावर येईल असे धरले होते. धरणाच्या अंतर्भागात बसवलेल्या यंत्राने मात्र गुरुत्वाकर्षणाच्या शेकडा ६३ इतके त्वरण नोंदवले. हे दोन आकडे एकाच मापाचे नव्हेत, हे जाणकारास सांगावयास नकोच. पण त्यांतील तफावत एखाद्या बांधकाम-संहितेची झोप उडवण्यास पुरेशी होती. धरण फुटले नाही. उतरत्या बाजूचा ढाळ जेथे बदलतो तेथे त्याला आडव्या भेगा पडल्या, आणि आकार जेथे एकाएकी बदलतो तेथेच भूकंप घाव घालतो हा धडा त्या भेगांनी जगभरच्या अभियंत्यांना दिला. त्या यंत्राने नोंदवलेला कोयनेचा आलेख आजही धरणांच्या गणिताची कसोटी म्हणून वापरला जातो. १९७० साली भारतीय मानक संहितेच्या नकाशातून शून्य क्रमांकाचा, म्हणजे निर्धोक मानलेला, भूकंपपट्टा कायमचा काढून टाकण्यात आला.

भूकंप हा मोठा काटेकोर वसुली अंमलदार आहे: तो सारा घेतो तो वजनावर. जितके वस्तुमान अधिक तितका आडवा जोर अधिक, आणि तो जोर भिंतींनी पायापर्यंत पोहोचवावा लागतो. म्हणून अणुभट्टीची इमारत कातळावर, जाड सलग पायावर, वर्तुळाकार व सममित बांधतात, आणि शेजारच्या इमारती एकमेकींवर आदळू नयेत यासाठी मध्ये फट राखतात. परंतु इमारत उभी राहिली एवढ्याने भागत नाही. प्रत्येक मजला आपापल्या लयीने हलतो, आणि त्या हेलकाव्यात नळ, झडपा, विद्युत्‌घटांच्या मांडण्या व नियंत्रणाची कपाटे शाबूत राहिली तरच भट्टी बंद होऊन थंड राहू शकते. १९८३ साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार दोन भूकंप गृहीत धरावे लागतात. त्यांतील थोरला दहा हजार वर्षांत एकदा संभवणारा असतो. जागेभोवतीच्या ३०० किलोमीटरांतील भूकंपांचा इतिहास तपासला जातो, आणि पाच किलोमीटरांच्या आत हलण्याजोगा भूभ्रंश आढळल्यास ती जागा बाद होते.

भट्टीवर कोसळणाऱ्या विमानाची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे: तेथे भिंतीची जाडीच कामी येते. पश्चिम जर्मनीत स्टारफायटर जातीची लढाऊ विमाने वारंवार कोसळू लागली तेव्हा तेथील अणुभट्ट्यांच्या भिंती दोन मीटरांच्या आसपास जाड होत गेल्या. १९६८ मध्ये होर्हे रिएरा या अभियंत्याने असे मांडले की, भिंतीवरचा जोर हा विमानाचा सांगाडा चुरडण्यास लागणारे बळ आणि त्याच्या लांबीच्या दर एककातील वस्तुमानाला वेगाच्या वर्गाने गुणून येणारा भाग, यांची बेरीज होय. १९८८ साली अमेरिकेत एक फँटम विमान ताशी पावणेआठशे किलोमीटर वेगाने साडेतीन मीटरांहून जाड काँक्रीटच्या ठोकळ्यावर आदळवले, तेव्हा विमानाचा चुरा झाला आणि ठोकळ्यावर उथळ खळगे पडले. त्या चित्रफितीचा उपयोग पुढे जाहिरातीसारखा करण्यात आला. वास्तविक तो प्रयोग आघाताचा जोर मोजण्यासाठी होता, भिंतीची निर्दोषता सिद्ध करण्यासाठी नव्हे. भिंत आरपार फुटली नाही तरी आतल्या अंगाचे काँक्रीट उडते, इंजिनाचा कठीण गोळा वेगळाच घाव घालतो, आणि इंधनाची आग निराळीच. ११ सप्टेंबर २००१ नंतर हा विचार लढाऊ विमानांवरून मोठ्या प्रवासी विमानांवर गेला, आणि २००९ मध्ये अमेरिकेने नव्या भट्ट्यांसाठी त्याचे मूल्यमापन सक्तीचे केले.

म्हणजे विमानासाठी भिंत जाड करावी, तर भूकंपाचा सारा वाढतो. या पेचावर काढलेला तोडगा म्हणजे दुहेरी कवच: आत पूर्वप्रतिबलित काँक्रीटचे, बाहेर प्रबलित काँक्रीटचे, मध्ये पोकळी. तारापूरच्या २००५-०६ मध्ये सुरू झालेल्या तिसऱ्या व चौथ्या भट्ट्यांना असे दुहेरी कवच आहे. मात्र हे काम चुका क्षमा करीत नाही: कारवार तालुक्यातील कैगा येथे १९९४ च्या मे महिन्यात, बांधकाम चालू असतानाच, आतल्या घुमटाचा काँक्रीटचा थर सुटून खाली आला. जैतापूरच्या नियोजित अणुविद्युत् केंद्राविषयी २०११ साली रॉजर बिल्हॅम आणि विनोद गौर यांनी ‘करंट सायन्स’मध्ये जो इशारा दिला तो याहून मूलगामी होता: कोयनेसारखा किंवा १९९३ च्या किल्लारीसारखा भूकंप तेथेही संभवतो. तारापूरपासून तीसएक किलोमीटरांवर, डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात, २०१८ च्या नोव्हेंबरपासून लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली, हेही येथे नोंदवले पाहिजे.

लातूर जिल्ह्यातील हे किल्लारी परतूरहून सुमारे १७० किलोमीटरांवर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तेथे सुमारे आठ हजार माणसे मेली, त्यांतील बहुतेक स्वतःच्याच घराच्या दगडामातीखाली. तो मुलूख तेव्हाच्या नकाशात सर्वांत सौम्य पट्ट्यात होता. २००२ च्या नकाशात लातूर तिसऱ्या पट्ट्यात गेले आणि जालना जिल्हा दुसऱ्यात, म्हणजे त्या नकाशातील सर्वांत सौम्य पट्ट्यात, राहिला. अणुभट्टीसाठी दहा हजार वर्षांचा हिशेब मागणारे शासन खेड्यातील माळवदाचा हिशेब मागत नाही. तेव्हा परतूर तालुक्यात ज्यांचे माळवद अद्याप उभे आहे त्यांनी त्यावर नवी माती चढवण्याऐवजी जुनी उतरवावी, हलके छत घालावे आणि भिंतीच्या दोन्ही अंगांना सांधणारे आरपार दगड बसवून घ्यावेत.